मदत हवी आहे: 'टर्न ऑफ इट' का चुकतं, मुलांना कसं सांगू?

नमस्कार मंडळी. अमळनेरजवळच्या खेड्यात आठवीला इंग्रजी शिकवते. मुलं घरी अहिराणी बोलतात. इंग्रजी क्रियापदाला 'ऑफ', 'अप' असे छोटे शब्द जोडले की अर्थच बदलतो, जसं 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणं, 'पुट अप विथ' म्हणजे सहन करणं, हे त्यांना पटतं. 'केळं खाऊन टाक' म्हणताना आपण तरी कुठे काही टाकतो?

अडतं ते शब्दांच्या जागेवर. काल एकीने फळ्यावर 'ते बंद कर' यासाठी लिहिलं, 'टर्न ऑफ इट'. मी खोडून 'टर्न इट ऑफ' केलं. ती म्हणाली, "मॅडम, 'टर्न ऑफ द फॅन' चालतं, मग हे का नाही? आणि 'लुक आफ्टर इट' कसं चालतं?" प्रश्न अगदी रास्त होता, मला नीट उत्तर देता आलं नाही. क्रियापद आणि छोट्या शब्दाची कोणती जोडी तुटून मध्ये 'इट' येतं, कोणती तुटत नाही, हे ओळखायची सोपी खूण वर्गात कुणी वापरता का? सोमवारी तिला सांगायचंय.