अंगणात फुलपाखरं येतात पण थांबत नाहीत, कोणती झाडं लावावीत? (परभणी)

गोदाकाठची
नमस्कार मंडळी. परभणीत गावाबाहेर प्लॉटवर घर बांधलंय, समोर अंगण आन बाजूला गुंठाभर मोकळी जागा आहे. माती काळी, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. लेकीच्या हट्टामुळं तिथं फुलपाखरांची बाग करायचं ठरवलंय. नर्सरीतून झेंडू, गुलाब, जास्वंद, शेवंती आणून लावली, फुलं पण झक्कास आलीत, पण फुलपाखरं येतात, एक चक्कर मारतात आन गेली भुर्र. लेकीला तर ते काळं-निळं राज्य फुलपाखरूच पाहिजे. आन रात्रीचे पतंग यावेत म्हणून काय लावतात? पाण्याचं म्हणाल तर बोअर मार्चपर्यंत चालतो, पुढं टँकर. शिवाय सासूबाई म्हणायल्यात की अळ्या घरात शिरतील आन अंगाला खाज सुटेल. तर कृपया अनुभवी लोकांनी सांगा.

रुचकीचं झाड
ताई, फुलं म्हणजे फुलपाखरांचं नुसतं हॉटेल झालं, घर म्हणजे पानं. मादी अंडी घालायला ठराविकच झाड बघते कारण अळी दुसरं काही खातच नाही, त्यामुळं अळीचं झाड नसेल तर ती चहा पिऊन पुढच्या गावाला जाणारच. आन नर्सरीतला तो गच्च पाकळ्यांचा झेंडू दिसायला भारी पण सोंड आत घालायला जागाच नसते, गुलाबात तर मध जवळपास नसतोच.

आपल्याकडं पाण्याबिगर जगणारी झाडं लई आहेत, फक्त आपण त्यांना तण म्हणून उपटतो. रुचकी म्हणजे रुई लावा, खरं तर लावायची गरज नाही, कोपऱ्यात उगवली की राहू द्या. नारिंगी रंगाचं, काळ्या-पांढऱ्या टोकाचं प्लेन टायगर तिच्यावर वाढतं. रुईतलं विष अळीच्या अंगात उतरतं आन ते मोठेपणी पण टिकतं, म्हणून पक्षी त्याच्या नादी लागत नाहीत. (चीक लेकीच्या डोळ्यात जाऊ देऊ नका बरं, डोळ्याला वाईट.) गंमत म्हणजे डॅनेइड एगफ्लाय नावाच्या फुलपाखराची मादी हुबेहूब त्याच्यासारखी दिसते, विष काही नाही, नुसता पेहराव! तिची अळी घोळीवर वाढते, आपण भाजी करतो तीच घोळ. तरवड आन टाकळ्यावर ते फिकट पिवळे-पांढरे एमिग्रंट येतात, एरंडावर कॅस्टर नावाचं तांबूस फुलपाखरू येतं. गोडलिंब आन लिंबू तर दारात हवेच, त्यावर लेमन बटरफ्लाय आन कॉमन मॉरमॉन येतात. लहानपणी त्यांची अळी पाखराच्या विष्ठेसारखी दिसते म्हणून कुणी बघत पण नाही, मोठी झाली की हिरवी होते आन डिवचली तर डोक्यामागनं नारिंगी शिंगं बाहेर काढते, घाण वास येतो. लेकीला दाखवाच. अंड्यापासून फुलपाखरू व्हायला ह्या हवेत साधारण महिना लागतो.

राज्य फुलपाखराचं म्हणाल तर ते ब्लू मॉरमॉन, 2015 साली जाहीर झालं, देशात असं करणारं आपलंच राज्य पहिलं. पण ते मुळात सह्याद्रीकडच्या ओल्या रानातलं, परभणीच्या उन्हात आलं तर नशीब समजा. त्याची अळी पण लिंबाच्या जातीवरच वाढते, त्यामुळं लिंबू लावून ठेवा, बाकी त्याच्यावर.

मधासाठी एकदांडी, निरगुडी, साधा एकेरी पाकळ्यांचा झेंडू, झिनिया पुरे. घाणेरीवर झुंबड उडते पण ती हाताबाहेर पसरते, मी तर लावत नाही. आन खुळखुळा मिळाला तर जरूर लावा, टायगर जातीतले नर त्याच्या वाळक्या शेंगांवर नुसते लटकून बसतात, त्यातला अर्क त्यांना मादीला भुलवायला लागतो.

जालन्याचा मोसंबीवाला
वरच्या भाऊंचं पटलं, पण एक सांगतो. कुणीतरी आता गुळवेल लावा म्हणेल. ताई, तुमच्या आजूबाजूला मोसंबी, संत्री, डाळिंब कुणाची असतील तर गुळवेल आन वासनवेल लावू नका. रस शोषणाऱ्या पतंगाची अळी त्याच वेलींवर वाढते आन मोठा पतंग रात्री येऊन पिकायला आलेल्या फळाला भोक पाडून रस पितो, मग त्या भोकातनं फळ सडून गळतं. आमच्याकडं बांधावरच्या ह्या वेली मुद्दाम काढतात. हौस म्हणून एकानं लावायचं आन शेजाऱ्याची फळगळ व्हायची, हे बरं नव्हं. हरभऱ्यातली घाटेअळी, कापसातली बोंडअळी, मक्यावरची लष्करी अळी हे सगळे पतंगच आहेत, तेव्हा "पतंग आकर्षित करा" असं कुणी म्हणालं की आमच्या पोटात गोळा येतो.

रुचकीचं झाड
@मोसंबीवाला दादा, वेलींचं एकदम बरोबर, ते मी लिहायला हवं होतं. पण पतंगांच्या जाती फुलपाखरांपेक्षा कितीतरी जास्त आहेत, त्यातल्या मोजक्याच पिकाच्या मागं लागतात. शिवाय बोंडअळीला तुमच्या शेकडो एकरांचा कापूस असताना ताईंचा गुंठा कशाला पाहिजे?

ताई, पतंगांसाठी संध्याकाळनंतर उमलणारी वासाची पांढरी फुलं, म्हणजे निशिगंध, जाई, रातराणी. गुलबक्षी पांढरी नसली तरी चालते, संध्याकाळीच उमलते. कण्हेर आन तगरीवर ऑलिएंडर हॉकमॉथ येतो, हिरवा मखमली, विमानासारखा. त्याची अळी पालापाचोळ्यात, मातीत जाऊन कोष करते, म्हणून झाडाखालचा पाला झाडून जाळू नका. आन अंगणातला फ्लडलाइट रात्रभर चालू ठेवू नका, पतंग दिव्याभोवती फिरून फिरून थकतात आन पाली जेवतात.

बाल्कनीवाली लातूर
जागा नसणाऱ्यांसाठी: कुंडीत पानफुटी लावा, रेड पिअरो येतं. अळी पानाच्या आतच राहून पोखरते, पानं पारदर्शक दिसायला लागली की समजायचं. आन नर्सरीचं रोप आणलं की आधी विचारा काय फवारलंय. काही औषधं पानातच मुरलेली असतात, अळी खाते आन मरते. निंबोळी अर्क नैसर्गिक असला तरी अळीला चालत नाही.

गोदाकाठची
बापरे, एवढं कुणी सांगितलंच नव्हतं. गुळवेल नाही लावत, शेजारी डाळिंबच आहे. पण सासूबाईंचा प्रश्न राहिलाच. खाजेचं काय? दाराशी शेवगा पण आहे आमच्या.

रुचकीचं झाड
सासूबाईंचं अर्धं बरोबर आहे. खाज केसाळ सुरवंटांची, आन पावसाळ्यात शेवग्याच्या बुंध्याला जे गठ्ठ्यानं चिकटून बसतात ते तसलेच, पतंगाचे. त्यांना हात लावू देऊ नका, फारच झाले तर लांब काठीला फडकं बांधून साबणाच्या पाण्यात पाडा. लिंबावरच्या, रुईवरच्या अळ्यांना केस नसतात, हातावर घेतल्या तरी काही होत नाही.

जालन्याचा मोसंबीवाला
ताई, तरवडाच्या शेंगा आमच्या माळावर पोत्यानं आहेत, पत्ता मेसेज करा, पाठवतो. बी कडक असतं, कोमट पाण्यात रात्रभर भिजवून मगच टोचा. नाहीतर उगवायचं नाव घेत नाही.