गेम, कन्सोल आणि काउंटर: नेमकं कुठे बिघडतं?

ठाणे-नवी मुंबईत कन्सोल घेणारे, विकणारे आणि दुरुस्त करणारे, तिघांनीही लिहावं. ‘फसवलं’ एवढ्यावर थांबू नका. काय बिघडतं, का बिघडतं आणि पैसे देण्याआधी काय तपासायचं, ते हवं आहे. दुकानांची नावं नकोत.

कळवा, कंट्रोलर दुरुस्ती

सगळ्यात जास्त तक्रार ड्रिफ्टची. कंट्रोलरवरच्या स्टिकला (अंगठ्याने फिरवायच्या दांडीला) हात न लावता कॅरेक्टर चालत सुटतं. स्टिकला दोन पोटेन्शिओमीटर (हालचाल मोजणारे भाग) असतात, एक आडव्या हालचालीचा, एक उभ्या. आत कार्बनच्या पट्टीवर धातूची पत्ती घासत असते. पट्टी झिजली की स्टिक मधोमध असूनही रीडिंग मधलं येत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलचे एक-दोन थेंब सोडून स्टिक गोल फिरवली तर मळ निघतो. पण पट्टीच झिजली असेल तर ड्रिफ्ट परत येणार. मग मॉड्यूल, म्हणजे स्टिकचा अख्खा भाग, बदलायचं.

ड्युअलसेन्सच्या (प्लेस्टेशन ५ च्या कंट्रोलरच्या) प्रत्येक मॉड्यूलला सोल्डरचे १४ टाके आहेत. मूळ सोल्डर बिनशिशाचं, ते लवकर वितळत नाही. आधी प्रत्येक टाक्यावर शिसं असलेलं सोल्डर चढवा, मग पंपाने ओढा. एक टाका जरी धरून राहिला आणि मॉड्यूल खेचलं, तर बोर्डावरचं तांबं उचकटतं आणि जंपर वायर टाकत बसावं लागतं. नवं मॉड्यूल बसवल्यावर कॅलिब्रेशन, म्हणजे स्टिकचा मध्य नव्याने ठरवणं, हवंच. ते टाळलं की नवी स्टिकही सरकते आणि गिऱ्हाइकाला वाटतं, पार्ट डुप्लिकेट घातला. हॉल इफेक्ट मॉड्यूल चुंबकावर चालतं, घासायला काहीच नाही, म्हणून ते टिकतं. वॉरंटी शिल्लक असेल तर मात्र स्क्रूला हात लावू नका.

वाशी, शोरूम काउंटर

एक्स्टेंडेड वॉरंटीसाठी विक्रेता मागे लागतो तो टार्गेटमुळे. ती बहुतेकदा कन्सोल बनवणाऱ्या कंपनीची नसते, त्यामुळे दुरुस्ती कोण करणार हे कागदावर वाचूनच सही करा. ब्रँडचा टी-शर्ट घातलेला माणूस बहुधा त्या कंपनीचा प्रमोटर असतो, दोन ब्रँडची तुलना त्याच्याकडून करून घेऊ नका. बिलावरचा सीरियल नंबर, खोक्यावरचा आणि मशीनवरचा, तिन्ही जुळवा. एक अंक चुकला तरी सर्व्हिस सेंटर परत पाठवतं.

‘नो कॉस्ट ईएमआय’चा हिशेब: ५०,००० रुपये, ६ महिने, वर्षाला १५ टक्के. व्याज सुमारे २,१०० होतं, तेवढी सूट आधी मिळते. पण क्रेडिट कार्डवर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे ३८० रुपये, तुमच्याच खिशातून. प्रोसेसिंग फी वेगळी.

काउंटरवरच्या मुलांसाठीही एक: महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात, कायद्यात ठरवलेल्या संख्येइतके कामगार असतील तिथे, आठवड्याची सुट्टी आणि ओव्हरटाइमला दुप्पट दर आहे. धनत्रयोदशीच्या गर्दीतसुद्धा.

ऐरोली

अर्धवट गेम पूर्ण किमतीत विकणं हा सरळ अन्याय आहे. सायबरपंक २०७७ डिसेंबर २०२० मध्ये आला आणि आठवड्याभरात सोनीला तो स्वतःच्या प्लेस्टेशन स्टोअरवरून काढावा लागला. परतायला जून २०२१ उजाडला. म्हणून प्रीऑर्डर नको. स्टीमवर (पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात) परतावा १४ दिवसांच्या आत आणि खेळण्याचा वेळ २ तासांखाली असेल तरच. गेम उघडल्यावर शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) तयार होण्यात गेलेली मिनिटंही त्यात मोजली जातात. तेव्हा सुरुवातीची दृश्यं पाहत बसू नका, थेट सर्वात गजबजलेल्या भागात जाऊन गेम अडखळतो का बघा. प्लेस्टेशन स्टोअरवर गेम डाउनलोड सुरू केला की सर्वसाधारण परतावा संपला. सेकंडहँड डिस्क घेताना डीएलसीचा (गेमच्या जादा भागाचा) कोड वापरलेला असणार हे धरूनच भाव करा.

कोपरखैरणे

टीव्हीच्या खोक्यावरच्या ‘१२०’वर जाऊ नका. पॅनेल १२० हर्ट्झचं (सेकंदाला १२० चित्रं दाखवणारं) आहे का आणि कोणता एचडीएमआय पोर्ट ४के १२० घेतो, ते मॅन्युअलमध्ये पाहा. बऱ्याच सेटवर एक-दोनच पोर्ट तसे असतात.

ठाणे, नौपाडा

सर्व्हिस सेंटरला मशीन देताना जॉबशीटवर ‘नॉट वर्किंग’ लिहू देऊ नका. ‘डावी स्टिक वर सरकते, वॉरंटीत’ असं लिहून घ्या. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार, मग जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही; मुदत २ वर्षं.

कळवेकर, १४ टाक्यांना साधं सोल्डरिंग आयर्न चालेल का?

कळवा

तापमान ठरवता येणारं घ्या, ३५० अंशांच्या आसपास ठेवा, फ्लक्स (सोल्डर नीट पसरवणारा लेप) भरपूर लावा. मोठ्या चार पायांना उष्णता जास्त लागते, तिथे रुंद टिप वापरा.