ड्रोनने छताची तपासणी: फोटो झकास येतात पण गळती कुठून ते सांगता येत नाही, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

ड्रोन मी बऱ्यापैकी उडवतो, आधी बांधकामांचे व्हिडिओ करायचो, आता ओळखीतून छतांच्या तपासणीची कामं यायला लागलीत. काम वरवर बघता सोपं, वर जा, फोटो काढा, फोल्डर पाठवा. पण क्लायंट फोल्डर उघडतो आणि पहिलाच प्रश्न टाकतो, "मग गळतंय कुठून?" आणि तिथे आपली बोलती बंद.

कॅमेरा १ इंची सेन्सरचा, २० मेगापिक्सेल. हिशोब मांडून बघितला तर छतापासून १२ मीटरवर एक पिक्सेल साधारण ३.३ मिमीचा पडतो, म्हणजे बारीक तडा दिसायचं नावच नको. ५ मीटरवर उतरलं तर १.४ मिमी होतो, पण मग एका फोटोत जेमतेम साडेसात बाय पाच मीटरचा तुकडा मावतो आणि ८० टक्के ओव्हरलॅपने (म्हणजे प्रत्येक फोटो शेजारच्या फोटोवर तेवढा चढवून) अख्खं छत घ्यायचं म्हणजे फोटोंचा नुसता ढीग, बॅटऱ्या संपतात त्या वेगळ्याच. शिवाय एवढ्या खाली कठड्याच्या आडोशाला वारा असा काही गरगरतो की ड्रोन मधेच हिसका खातो.

आत्ताच्याच कामातलं सांगतो. कठडा आणि स्लॅब जिथे मिळतात त्या कोपऱ्यात एक काळपट डाग आहे. शेवाळ आहे, सावली आहे का कोटिंग उचललंय, झूम करून करून डोळे दुखले पण ठरत नाही. बाकीचं कोटिंग पांढरं, त्यामुळे भोवतालचा गडद भाग फ्रेममध्ये आला की ऑटो एक्स्पोजरमध्ये (कॅमेरा स्वतःच उजेड ठरवतो त्यात) ते पांढरंफट्ट होऊन काहीच दिसत नाही.

आता एक जण म्हणतो थर्मल कॅमेरा घे, पाणी सरळ दिसतं. खरंच दिसतं का? खर्च करण्याआधी वापरलेल्यांनी सांगा प्लीज. आणि दुसरं म्हणजे क्लायंटला रिपोर्टवर "छत सुस्थितीत आहे" असं लिहून सही हवी आहे. मी अजून दिलेली नाही. तुम्ही देता का?

प्रतिसाद

थर्मलला पाणी दिसत नाही हो, त्याला फक्त पृष्ठभागाच्या तापमानातला फरक दिसतो. वॉटरप्रूफिंगच्या थराखाली इन्सुलेशन असेल आणि ते भिजलेलं असेल तर दिवसभर तापलेली ओल सूर्यास्तानंतर हळू गार होते, कोरडा भाग पटकन गार होतो, तेवढ्या वेळात तो पट्टा उजळ दिसतो. त्यासाठी दिवसभर चांगलं ऊन, वरचा भाग खणखणीत कोरडा आणि वारा कमी असं सगळं जुळून यायला लागतं. तुमचं वर्णन साध्या काँक्रीट स्लॅबचं वाटतंय, तिथे स्लॅबच एवढा जड की तो स्वतःच उष्णता धरून बसतो आणि फरक पुसट होतो. चकचकीत पत्र्यावर तर विचारूच नका, पत्रा आकाशाचं प्रतिबिंब दाखवतो आणि आकडे भलतेच येतात. घ्यायचाच तर ६४० बाय ५१२ पिक्सेलचा घ्या, १६० बाय १२० वाल्यात पैसे घालू नका. अंधारात उडवायची परवानगी मिळते का ते आधी बघा, नाहीतर कॅमेरा कपाटात.

प्रतिसाद

थर्मल राहू दे भाऊ, आधी खालच्या मजल्यावर जाऊन या. छताला आतून जिथे ओल आलीय ती जागा दोन भिंतींपासून टेपने मोजा आणि वरच्या नकाशावर खूण करा. पाणी आत शिरतं एकीकडे आणि टपकतं दुसरीकडे, स्लॅबच्या आतून बरंच सरकतं, त्यामुळे खुणेच्या बरोब्बर वर बघून उपयोग नाही, उताराच्या चढाकडच्या बाजूने शोधत जायचं.

५ मीटरवरून अख्खं छत कशाला? एकदा २०-२५ मीटरवरून नकाशासाठी घ्या, मग फक्त संशयाच्या जागा जवळून, ४५ अंशात तिरपा कॅमेरा ठेवून, ड्रोन स्थिर करून. पाण्याच्या आउटलेटचं तोंड, पाईप स्लॅबमधून वर येतात तिथली कॉलर, कठड्याचा सांधा, यंत्रांचे पाय, गडबड बहुतेक वेळा यातच निघते. एक्स्पोजर मॅन्युअल ठेवा, पांढऱ्यावर थोडं कमीच. कोटिंगचे फुगे आणि खळगे सकाळच्या तिरप्या उन्हात उठून दिसतात, तर डागाचा खरा रंग ढगाळ हवेत कळतो, तुमच्या त्या कोपऱ्याचा दोन्ही वेळी फोटो काढा म्हणजे सावली का डाग ते लगेच कळेल.

आणि स्लॅबवरून टेकऑफ करत असाल तर सांभाळून, आतल्या सळ्यांनी कंपास बिघडतो. रिटर्न टू होमची (ड्रोन आपोआप परत येतो त्याची) उंची टेकऑफच्या जागेपासून मोजली जाते हेही लक्षात असू द्या. बारीक तारा ड्रोनच्या अडथळे ओळखणाऱ्या सेन्सरला बऱ्याचदा दिसतच नाहीत.

प्रतिसाद

सहीचं सांगतो. "सुस्थितीत" हा शब्द अजिबात लिहू नका, तो इंजिनिअरचा निर्णय, आपला नाही. आपण दिसलं तेवढंच लिहायचं: "कोपऱ्यात गडद डाग, अंदाजे ४० सेमी, कोटिंग उचलल्यासारखं दिसतं, प्रत्यक्ष हात लावून तपासावं." सोबत तारीख, वेळ, हवामान आणि किती उंचीवरून घेतला ते. जिथे काही सापडलं नाही तिथे "दोष नाही" असं नाही, "फोटोत दिसला नाही" असं. क्लायंट कुरकुर करतो, करू दे. पुढे गळालं की तोच कागद घेऊन तो तुमच्याच दारात येणार.

धागाकर्ता

खूप आभार सगळ्यांचे, थर्मलचं तूर्तास रद्द, उद्या टेप घेऊन खालच्या मजल्यावर जातो. एकच राहिलं, तिरपे फोटो काढताना शेजारच्या इमारतीच्या खिडक्या हमखास येतात. ब्लर करून देता का क्रॉप?

प्रतिसाद

कॅमेरा अजून खाली झुकवा, ६० अंशाला बहुतेक खिडक्या फ्रेमबाहेर जातात. तरी आल्याच तर क्रॉप. आणि मूळ फाइल्स द्यायच्या की नाही ते काम घेतानाच लेखी ठरवा, नंतर मागतातच.