ऑक्टेव्हियाला १७ इंची रिम घेतल्यात, टायर २२५ घालू की २४५?

लोकमान्यनगरवाला

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २०१५ची ऑक्टेव्हिया १.८ टीएसआय आहे, सेकंडहँड घेतलेली. १८० पीएसची (हॉर्सपॉवर) गाडी आणि खाली कंपनीच्या १६ इंची रिमवर २०५/५५चे टायर (२०५ मिमी रुंद, बाजूची उंची त्याच्या ५५ टक्के), तेही आता पार टकले झालेत. इंदूरच्या सुपर कॉरिडॉरवर सिग्नल सुटला आणि जरा पाय दाबला की पुढची चाकं जागच्या जागी फिरतात, ट्रॅक्शनचा पिवळा दिवा लुकलुकत बसतो, म्हणून या वेळी रुंद टायर घालायचे हे डोक्यात पक्कं होतं.

गेल्या आठवड्यात ओळखीतून १७ इंची आफ्टरमार्केट रिमचा सेट मिळाला. मशीनवर फिरवून बघितल्या, चारही सरळ आहेत. आतल्या बाजूला कोरलंय १७ बाय ८जे (८ इंच रुंद), ईटी३५ (रिमच्या मध्यापासून हबला टेकणारी बाजू ३५ मिमी बाहेर), ५ बाय ११२ (११२ मिमीच्या वर्तुळावर पाच बोल्ट), मधलं भोक ६६.६ मिमी. कंपनीच्या रिमवर ६.५जे, ईटी४६ आहे, आणि हबचा, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाचा, मधला उंचवटा ५७.१ आहे असं कळलं.

एक टायरवाला म्हणतो २४५/४५ घाला, गाडी भरलेली दिसेल. दुसरा म्हणतो २२५/४५च्या वर अजिबात जाऊ नका. कारण दोघांनीही सांगितलं नाही. स्प्रिंग कंपनीच्याच आहेत, गाडी खाली केलेली नाही. महिन्यातून एकदा आई-बाबा आणि बहिणीला घेऊन महेश्वर असतं, म्हणजे मानपूरचा घाट आणि गाडी भरलेली. चाळीस-पन्नास हजारांचं काम आहे, परत परत होणार नाही, म्हणून नीट विचारून घेतोय.

पीथमपूर रोड

टायर थोडा वेळ बाजूला ठेवा, आधी रिमचं गणित करा, कारण चाक घासणार की नाही हे अर्धंअधिक ईटीवर ठरतं आणि लोक नेमकं तेच बघत नाहीत.

६.५जे म्हणजे १६५ मिमी रुंदी, अर्धी साडेब्याऐंशी. त्यातून ईटी ४६ वजा केला की हबला रिम जिथे टेकते तिथून बाहेरचा काठ साडेछत्तीस मिमीवर येतो. तुमची ८जे म्हणजे २०३, अर्धी साडेएकशेएक, वजा ३५, साडेसहासष्ट. म्हणजे चाक प्रत्येक बाजूला तीस मिमी बाहेर येणार! आतल्या बाजूला ईटी मिळवायचा, तिकडे फरक फक्त आठ मिमीचा. त्यामुळे शॉकअपकडे भीती कमी, खरी अडचण फेंडरच्या, म्हणजे चाकावरच्या पत्र्याच्या, काठाची, आणि ती मागे जास्त, कारण तीन माणसं मागे बसली की गाडी बसते आणि मोठ्या स्पीड ब्रेकरवर टायर वर येऊन काठाला लागतो. हेच ७.५जे ईटी४५ असतं तर चौदा मिमी बाहेर, बारा आत, डोळे झाकून घ्या म्हटलं असतं.

रिम परत होत असतील तर करा. नसतील तर २२५/४५, आणि तेही मोजून.

दोन पिढ्या एबी रोड

२४५/४५चं मी सांगतो. तुमचा मूळ टायर उभा साधारण ६३२ मिमी. २२५/४५ आर १७ येतो ६३४, म्हणजे जवळपास तोच. २४५/४५ येतो ६५२, वीस मिमी उंच आणि वर चाळीस मिमी रुंद. स्पीडोमीटर शंभर दाखवेल तेव्हा गाडी मूळ हिशेबापेक्षा तीन टक्के जास्त पळत असेल, उठाव मंदावेल, आणि तीस मिमी बाहेर गेलेल्या रिमवर हा टायर म्हणजे लायनर (फेंडरच्या आतलं प्लास्टिकचं अस्तर) फाटलाच समजा. रुंदच पाहिजे म्हणून कोणी २४५/४० सुचवेल, त्याची उंची जुळते आणि ८जेवर तो बसतोही, पण त्याच्यासाठी ८ ही सगळ्यात अरुंद चालणारी रिम आहे, साइडवॉल फुगून बाहेर येते आणि वळणावर गाडी लोळल्यासारखी वाटते. २२५/४५ला ७ पासून साडेआठ इंच रुंदीपर्यंतची रिम चालते, ८ त्याच्या मापातच आहे.

आणि भिया, चाकं फिरतात ते रुंदी कमी म्हणून नाही, टायर टकले आणि कडक झालेत म्हणून. रुंद टायरने रस्त्यावरचा ठसा आडवा होतो, क्षेत्रफळ फार वाढत नाही, ते मुख्यतः वजन आणि हवेवर असतं. पकड रबरातून येते. चांगल्या कंपाउंडचा २२५ हा साध्या २४५ला मागे टाकेल. शिवाय पावसाळ्यात रिंग रोडवर पाणी साचतं तेव्हा रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतो, खाचा झिजलेल्या असल्या तर अजूनच.

घेताना लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) ९१च्या खाली नको, ९४ एक्सएल (जास्त वजन पेलणारा) मिळाला तर खड्ड्यांसाठी बरा, फक्त त्यात हवा थोडी जास्त ठेवावी लागते. साइडवॉलवरचे शेवटचे चार आकडे वाचा, ३५२४ म्हणजे २०२४चा पस्तिसावा आठवडा. जुना माल असेल तर हात लावू नका.

सुदामानगरची ताई

सगळे टायरवर बोलतायत, मी बोल्टवर बोलते, कारण माझ्या बाबतीत हे झालंय.

माझीही ऑक्टेव्हिया होती. बाहेरच्या रिम बसवल्या आणि दुकानात कंपनीचेच बोल्ट लावून दिले. तीन-चार दिवसांनी मानपूरच्या उतारावर स्टिअरिंग थरथरायला लागलं, मला वाटलं बॅलन्सिंग. पुढे एका ढाब्यापाशी थांबले, नवऱ्याने डावं पुढचं चाक हलवून बघितलं तर ते हललं. पाचातले दोन बोल्ट हाताने फिरत होते. माझा मुलगा मागच्या सीटवर झोपला होता, आजही ते आठवलं की पोटात गोळा येतो.

कारण नंतर एका जुन्या मेकॅनिकने बोल्ट तळहातावर ठेवून दाखवलं. स्कोडाच्या बोल्टची बैठक गोल असते, चेंडूसारखी. बाहेरच्या बऱ्याच रिमची बैठक शंकूसारखी असते. गोल बोल्ट शंकूत घातला की बारीक कडेवरच टेकतो, घट्ट वाटतो पण धरत नाही. बोल्टच्या बैठकीवर नुसती एक चकचकीत रेघ उठली होती, बाकी काळा रंग जसाच्या तसा. तुमच्या रिमची भोकं बघा, शंकू असेल तर एम१४ बाय १.५चे शंकूवाले बोल्ट वेगळे घ्या, लांबीही तपासा.

दुसरं, ६६.६ आणि ५७.१मधली फट भरायला चार रिंगा लागतात, नाहीतर चाक हबवर मधोमध बसत नाही. आणि एअर गनने कसू देऊ नका, टॉर्कच्या (ठरावीक जोराने कसणाऱ्या) पान्याने १२० न्यूटन मीटर, समोर उभं राहून करून घ्या.

लोकमान्यनगरवाला

ताई, तुमचं वाचून लगेच खाली जाऊन रिमची भोकं बघितली. शंकूच आहेत. दुकानवाला कंपनीचेच बोल्ट लावणार होता. मनापासून आभार.

रिम परत घ्यायला तो तयार नाही. मग आज मित्राच्या गॅरेजमध्ये त्याच्याकडचे जुने २२५/४५ या रिमवर चढवले, मागच्या दोन्ही चाकांच्या वर फेंडरच्या आतल्या काठाला मळलेल्या कणकेच्या पट्ट्या चिकटवल्या, मागे तिघांना बसवून, डिकीत सिमेंटची एक गोणी टाकून गाडी गल्लीतल्या उंच ब्रेकरवरून हळूहळू दोनदा नेली. उजवीकडे कणकेला काही नाही. डावीकडे पट्टी एका जागी दाबली गेली, नखाएवढी उरली, पण तुटली नाही. पुढे स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवून लायनरला कुठे लागत नाही.

म्हणजे २२५/४५ चालतील ना? २४५ मी डोक्यातून काढलेत.

पीथमपूर रोड

चालतील, पण नखाएवढ्या फटीवर घाटात भरली गाडी नेऊ नका. डावीकडे त्या जागी फेंडरची आतली दुमड गरम करून रोल करून, म्हणजे वर दाबून सपाट करून घ्या, चांगला डेंटर रंग न तडकवता करतो. स्प्रिंग खाली करायचा विचार या रिमवर कायमचा सोडा. चाकं बाहेर गेल्यामुळे दगड आणि चिखल दारांवर उडेल, मडफ्लॅप लावा. विमा कंपनीला रिम-टायरचं माप लेखी कळवा.

सुदामानगरची ताई

आणि पहिल्या ऐंशी-शंभर किलोमीटरनंतर बोल्ट परत टॉर्क करून घ्या. महेश्वरला जायच्या आधी, नंतर नाही.