नळी कुठली, तुतारी!

बीजांड गर्भाशयाकडे नेणाऱ्या फॅलोपियन ट्यूबला फॅलोपिओ या इटालियन शरीररचनातज्ज्ञाचं नाव का, ती आधीपासून होतीच की, असा प्रश्न कुणालाही पडेल. होती, पण नीट वर्णन त्याने १५६१ च्या पुस्तकात केलं. गंमत म्हणजे तो नळी म्हणालाच नव्हता. टोकाशी पसरत जाणारा आकार बघून त्याने लॅटिनमध्ये 'टुबा' म्हटलं, म्हणजे तुतारी! टुबाची ट्यूब झाली आणि आपण तिची गर्भनलिका केली.

मिरजेच्या वॉर्डात 'फोली टाका' (म्हणजे लघवीसाठीची नळी, फोली कॅथेटर) असं ऐकून मी कित्येक वर्षं ते कंपनीचं नाव समजत होतो. निघाला अमेरिकी मूत्ररोगतज्ज्ञ. आणि आपली मिरजेजवळची वानलेसवाडी? तीही डॉक्टरच्याच नावाची, मिरजेत मिशन हॉस्पिटल काढणाऱ्या विल्यम वानलेस यांच्या.