प्रतिसाद: पेशी आणि कमी ऑक्सिजन
वरच्या प्रतिसादात म्हटलंय की ऑक्सिजन संपला की पेशी नाइलाजाने लॅक्टेट (ग्लुकोज अर्धवट मोडून उरणारा पदार्थ) बनवते. मला हे पूर्ण पटत नाही, कारण बऱ्याचदा ऑक्सिजन पूर्ण संपायच्या आधीच पेशी स्वतःहून मार्ग बदलते. एचआयएफ-१ अल्फा नावाचं प्रोटीन पेशीत सतत बनत असतं आणि ऑक्सिजन असेल तर पाचेक मिनिटांत मोडलंही जातं, कारण त्याच्यावर मोडायची खूण करणाऱ्या एन्झाइमलाच ऑक्सिजन लागतो! ऑक्सिजन घटला की खूण होत नाही, प्रोटीन साठतं, केंद्रकात जातं आणि जीन्स चालू करतं. त्यातलं एक पीडीके-१, हे पायरुवेटचं (ग्लुकोज मोडून बनणारा पदार्थ) मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरात, अॅसिटिल-कोए होऊच देत नाही, म्हणून ते पुढच्या ऊर्जाचक्रात न जाता त्याचं लॅक्टेट बनतं. एका ग्लुकोजमागे तीसेक एटीपी (पेशी ऊर्जा म्हणून वापरते ते रेणू) सोडून फक्त २ वर भागवायचं म्हणजे तोट्याचा सौदा वाटेल, पण अपुऱ्या ऑक्सिजनवर मायटोकॉन्ड्रिया तसाच रेटला तर घातक फ्री रॅडिकल्स वाढतात आणि पीडीके-१ नसलेल्या पेशी अशा वेळी खरंच मरतात. सेमेन्झा, रॅटक्लिफ, केलिन या शास्त्रज्ञांना २०१९ चं नोबेल ऑक्सिजन ओळखायच्या याच यंत्रणेसाठी मिळालं, आणि किडनीच्या पेशंटच्या अॅनिमियावरचं डेसिडुस्टॅट हे औषध त्या खूण करणाऱ्या एन्झाइमलाच अडवतं, त्यामुळे शरीरात ईपीओ (लाल रक्तपेशी बनवायला लावणारं हार्मोन) वाढतं.