पाळकाने उपदेशात राजकारण बोलावं का?

वेंगुर्ला_पुणे:
जय ख्रिस्त. घर वेंगुर्ल्याकडे, नोकरी पुण्यात. मे महिन्यात घरी आलो तर चर्चच्या मंडळीत दोन तट पडलेले. नवे पाळक उपदेशात जातीवर आणि पाण्यावर थेट बोलतात. पप्पांसकट जुनी माणसं म्हणतात, चर्चमध्ये राजकारण नको, रविवारी आम्ही शांतीसाठी येतो. माझ्या वयाचे म्हणतात, याच गोष्टींवर गप्प बसायचं तर आम्ही यायचं कशाला? इथे कुणी सेवेत असलेले किंवा निवृत्त पाळक असतील तर सांगा: बोलावं का, आणि कुठवर?

निवृत्त_पाळक:
जय ख्रिस्त, बाळा. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या लहान मंडळ्यांतच माझी सगळी सेवा झाली. माझं उत्तर: बोलावं. उमेदवाराचं नाव आणि पक्षाची निशाणी सोडून सगळं बोलावं.

पप्पांना हिणवू नकोस. मुलं मुंबई-पुण्यात, घरात दोघंच म्हातारी, आठवडाभर टीव्हीवर भांडणं. रविवारचा तास त्यांना निवांत हवा असतो आणि तो मिळायलाच हवा. पण बायबलमधलं आमोस संदेष्ट्याचं पुस्तक वाचायला घेतलंस की पळवाट उरत नाही. गुरं राखणारा माणूस तो. गरिबाला वहाणांच्या जोडापायी विकणाऱ्यांना त्याने तोंडावर सांगितलं की तुमची गाणी देवाला नकोत, न्याय हवाय. हे वाचून झाल्यावर मी बाकांवरच्या माणसांना फक्त स्वर्गाचं वर्णन करू?

आणि राजकारण चर्चमध्ये आधीच आहे. बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात आहे. एक तरुण जोडपं माझ्याकडे आलं: बाळाचा बाप्तिस्मा करा, पण नाव नोंदवू नका. कारण मला विचारावं लागलं नाही. अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात आधी फक्त हिंदू होते, १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध. ख्रिस्ती अजून बाहेर. गावात आमची जात सुटत नाही, पाणवठ्यावर सुटत नाही, सोयरीक जुळवताना तर मंडळीतसुद्धा सुटत नाही. सुटते ती कागदावर, आणि तिच्याबरोबर पोराची शिष्यवृत्ती जाते. त्या आईला ‘खोटं वागतेस’ असं मी कोणत्या तोंडाने म्हणणार? नोंदीशिवाय बाप्तिस्मा द्यायची मला मुभा नव्हती, ते सांगितलं. बाळाला घेऊन आशीर्वादाची प्रार्थना केली. पुढच्या रविवारी, कुणाचं नाव न घेता, या आदेशावर बोललो. काही जण उठून गेले.

ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक आपल्याच कोकणातले, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि १९१७ मध्ये मिशनपासून वेगळं होऊन ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही तिथे ख्रिस्ताचे शिष्य. त्या जोडप्याला मी हे सांगितलं तेव्हा ती आई रडली. ते लोक आजही उपासनेला येतात.

दृढीकरणाच्या वर्गातल्या मुलांना मी महाडला न्यायचो. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं ती जागा दाखवून मग प्रभुभोजनाचा, म्हणजे उपासनेत एकत्र भाकर आणि प्याला घेण्याचा, धडा घ्यायचो. एकाच प्याल्यातून पिणं म्हणजे काय, ते आमच्या पोरांना तळ्याच्या काठावर जेवढं कळलं तेवढं प्रश्नोत्तरांच्या पुस्तकातून कधी कळलं नाही.

कुडाळ_वकील:
पाळकसाहेब, कायद्याची बाजू नोंदवतो, नवे पाळक अडचणीत येऊ नयेत म्हणून. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १२३(३): धर्माच्या नावाने मत मागणं हा भ्रष्ट आचार. जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने चार विरुद्ध तीन मतांनी सांगितलं की यात उमेदवाराचाच नव्हे, मतदाराचा धर्मही येतो. शिवाय १९८८ चा कायदा धार्मिक संस्थेची जागा राजकीय कामाला वापरू देत नाही. पाणी, जात, आरक्षण यांवर तत्त्वाचं बोलणं यात अडकू नये असं माझं मत. ‘अमक्याला मत द्या’ म्हटलं की अडकलात.

बंदरावरची_बाय:
मी चर्चात जाणारी नाय, पण आमच्याकडेय ह्याच असा. निवडणूक इली की उमेदवार देवळात येतत, गाऱ्हाणा घालूक लावतत, नारळ ठेवून मता मागतत. तेका कोणच राजकारण म्हणना नाय. बायलमाणसा पाण्याचा बोलली की मगे ता राजकारण!

निवृत्त_पाळक:
बाय, तू माझ्यापेक्षा नेमकं सांगितलंस.

वकीलसाहेब, आभार. माझा नियम असा होता: उमेदवार आला तर बाकावर बसावं, गीत म्हणावं, दारात लोकांना भेटावं. माईक कुणालाच नाही. एकदा छपराला पत्रे देतो असा निरोप आला. कमिटीतली माणसं माझ्यावर रुसली, त्या पावसाळ्यात आम्ही बादल्या ठेवून उपासना केली, मग वर्गणीतून पत्रे घातले. ते फुकटचे पत्रे घेतले असते तर पुढच्या उन्हाळ्यात त्याच माणसाला टँकरबद्दल विचारताना माझी जीभ जड झाली असती.

वेंगुर्ला_पुणे:
पप्पांना वाचून दाखवलं. ते म्हणतात, असंच चालणार असेल तर मी घरी मोबाइलवर उपासना बघेन.

निवृत्त_पाळक:
बघू देत. २०२० च्या टाळेबंदीत आम्ही सगळे तेच करत होतो. फक्त ‘एवढे पैसे पाठवा, देव दहापट देईल’ म्हणणाऱ्यांपासून त्यांना सांभाळ. अशा लाइव्हवर पेन्शन पाठवणारी माणसं मी पाहिली आहेत आणि मला त्याचा फार राग येतो. श्रद्धेचा याहून वाईट वापर मला माहीत नाही.

आणि नव्या पाळकांना माझा निरोप दे. ज्यांना उपदेश झोंबतो त्यांच्या घरी आधी जा. दुखण्याखुपण्यात ज्यांच्या उशाशी बसलात ती माणसं तुमचा कडक शब्दही ऐकून घेतात. आणि तू या आठवड्यात त्या नव्या पाळकांना घरी जेवायला बोलाव. पप्पांशेजारी बसव. पाण्याचा विषय तू काढू नकोस, मे महिना आहे, पप्पाच काढतील.